बाईंची चित्रवही आणि तीस मिलिमीटरची खिडकी

प्रकरण असं. शाळेत वर्षानुवर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. शाई आणि जलरंगात केलेल्या चित्रांच्या त्यांच्याकडे वह्याच्या वह्या आहेत. वाळलेल्या शेंगा, गवताची पाती, तारेवरचं पाखरू, पिसं, पावसातला रस्ता. ही चित्रं भिंतीवर न राहता अंगावर यावीत असं त्यांच्या मनानं घेतलं. मातीकामाच्या एका वर्गात जाऊन त्यांनी पेंडंट आणि कानातली केली, तिथल्याच भट्टीत भाजून घेतली आणि निकाल पाहून हिरमुसल्या. मग सगळा माल एका डब्यात भरून माझ्याकडे आल्या. माझी स्वतःची छोटी भट्टी आहे आणि मी बहुतेक लहान वस्तूच करते, एवढाच माझा या प्रकरणाशी संबंध. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

"अगं, कागदावर जे आहे तेच मातीवर काढलंय. मग हे असं का दिसतंय?"

गोम त्या "तेच"मध्ये होती. पण ते लगेच बोलून उपयोग नसतो. आधी डबा बघायचा.

लहान सिरॅमिकमध्ये एक सोय असते: भाजलेला तुकडा खोटं बोलत नाही. काय झालं ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, फक्त एका वेळी चार-पाच दोष एकमेकांत मिसळलेले असतात आणि करणाऱ्याला ते सगळे मिळून एकच अपयश वाटतं. बाईंनाही तसंच वाटत होतं. "मला माती जमत नाही," हा त्यांचा निष्कर्ष. मी तुकडे टेबलावर मांडले आणि दोषांनुसार ढीग केले.

पहिला ढीग ओळखू न येणाऱ्या चित्रांचा. तारेवरचं पाखरू म्हणजे काळपट ठिपका, पावसातला रस्ता म्हणजे मळका डाग. बाईंची वही ए५, म्हणजे १४८ मिलिमीटर रुंद. पेंडंट ३० मिलिमीटरचं. त्यांनी पानाची झेरॉक्स जवळजवळ पाचपट लहान करून घेतली आणि ती गिरवली. वहीतली पेनाची रेघ ०.४ मिलिमीटरची धरली, तर पाचव्या हिश्शात ती ०.०८ होते. अंडरग्लेझमध्ये, म्हणजे ग्लेझच्या काचेसारख्या थराखाली लावायच्या रंगात, बुडवलेला सगळ्यात बारीक कुंचलासुद्धा एवढी बारीक रेघ ओढू शकत नाही. साहजिकच बाईंच्या हातून आली ती पुन्हा अर्ध्या मिलिमीटरची रेघ. चित्र पाचपट आक्रसलं, रेघा होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि मधल्या मोकळ्या जागा भरून गेल्या. यात हाताचा दोष काहीच नाही.

दुसरा ढीग रंगांचा. हिरवी पाती तपकिरी झाली होती, आणि गुलाबी पाकळ्या फिक्या, राखाडी. बाईंना वाटत होतं भट्टी जास्त तापली. पण निळा आणि काळा ठणठणीत होते. हिरवा आणि गुलाबी हे दोनच रंग एकदम बिघडले की माझा संशय वरच्या पारदर्शक ग्लेझमधल्या जस्तावर जातो. क्रोमचा हिरवा जस्ताच्या सहवासात तपकिरीकडे झुकतो, आणि क्रोम-टिनच्या गुलाबीला तर जस्त अजिबात मानवत नाही, त्याला भरपूर कॅल्शियम लागतं. बाईंनी वर्गात फोन करून विचारलं. ग्लेझ जस्ताचंच निघालं. त्यात त्या वर्गाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. भांड्यांसाठी ते ग्लेझ उत्तम असेल, फक्त या दोन रंगांवर ते घालायचं नाही.

निळा ठणठणीत होता म्हटलं खरं, पण रेघेला धूसर किनार आली होती. कोबाल्ट ग्लेझमध्ये सहज विरघळतो. ग्लेझचा थर जाड आणि वितळल्यावर पातळ होणारा असेल, तर कोबाल्टची रेघ कडेनं सुटायला लागते. भांड्यावर हे छान दिसतं. ३० मिलिमीटरच्या चकतीवर अर्धा मिलिमीटर पसरणं म्हणजे पाखराची चोच गेली.

तिसरा ढीग यांत्रिक दोषांचा. बाईंचं लक्ष चित्रावरच होतं, त्यामुळे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. भोकं ओल्या मातीत २ मिलिमीटरची पाडलेली. १२ टक्के आकुंचनाची माती, म्हणजे भाजल्यावर १.७६, आणि त्यात ग्लेझची कड उतरलेली. कडी आत जाईना. कानातली ४० मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाड. भाजलेल्या स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीची, घनता साधारण २.३ धरली तर एकेक साडेचौदा ग्रॅमचं होतं. मी एक त्यांच्याच हातात दिलं आणि हूक लावून कानाशी धरायला सांगितलं. त्यांनी लगेच खाली ठेवलं.

इथून पुढे काम सुरू झालं, आणि सगळ्यात जास्त वेळ गेला तो मातीत नव्हे, वहीसमोर.

मी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यात ३० मिलिमीटरचं गोल भोक कापलं आणि तो त्यांच्या चित्रावर ठेवला. "आता हे सरकवा. संपूर्ण चित्र विसरा. खिडकीत जे दिसतं तेवढंच पेंडंट." बाईंचा पहिला विरोध इथेच झाला. "मग माझं चित्र राहिलं कुठे? नुसता कोपरा राहिला." हा आक्षेप मला रास्त वाटतो. रचना हा चित्राचा प्राण असतो आणि खिडकी तो प्राणच कापते. पण लहान करूनही रचना मरतेच, शिवाय रेघही मरते. खिडकीतून निदान रेघ तिच्या मूळ मापात, हाताच्या मूळ झटक्यासकट वाचते. दागिना हातभर अंतरावरून, क्षणभर, हलत्या अंगावर पाहिला जातो. त्यात गोष्ट सांगायला जागा नाही. एखादं वळण, एखादी गाठ, दोन रंगांमधली एक सीमा, एवढंच पोहोचतं.

या मुद्द्यावर मला जुन्या एका कामाचा आधार घ्यावासा वाटतो. इंग्लंडमध्ये १७८७ साली जोसाया वेजवुडच्या सिरॅमिकच्या कारखान्यात गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी एक पदक तयार झालं. फिकट जास्पर मातीवर (ही बारीक पोताची, ग्लेझ न देता भाजायची माती) साखळदंडात गुडघे टेकलेली काळी आकृती, घडवणारा विल्यम हॅकवुड. पदक जेमतेम तीन सेंटिमीटरचं. लोकांनी ते ब्रेसलेटमध्ये आणि केसांच्या पिनांमध्ये बसवून वापरलं. त्यात रंगछटा नाहीत, पार्श्वभूमी नाही, देखावा नाही. एकच आकृती, थोडा उठाव आणि दोन रंगांचा विरोध. तरीही लांबून काय आहे ते कळतं. बाईंना त्याचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "यानं टाकून किती दिलंय बघ." त्यानंतर खिडकीची कुरकुर थांबली.

खिडकी फिरवल्यावर वहीतली चित्रं आपोआप वेगळी झाली. शेंगांची चित्रं सर्वात चांगली निघाली, कारण शेंगेची शिवण आणि तिच्या आतल्या बिया खिडकीत पूर्ण बसत होत्या. गवताची पाती उत्तम. पिसाचा मधला दांडा आणि एका बाजूचे केस, फारच सुंदर. पाखरू पूर्ण बसत नव्हतं, तेव्हा त्याची फक्त मान आणि चोच घेतली. पावसातला रस्ता कुठूनही बसेना. त्यात काही आकार नव्हताच, ओल्या कागदावर पसरलेले राखाडी थर होते.

आता माप. खिडकी ३० मिलिमीटरची, पण कच्ची चकती ३० ची कापून चालत नाही. आधी आपल्या मातीचं आकुंचन स्वतः मोजायचं. पाकिटावरचा आकडा अंदाजे असतो. मातीची पट्टी लाटून तिच्यावर सुईनं बरोबर १०० मिलिमीटरची रेघ मारायची, शेवटच्या तापमानापर्यंत भाजायची आणि पुन्हा मोजायची. आमच्या पोर्सिलेनसारख्या पांढऱ्या स्टोनवेअरची रेघ ८८ भरली, म्हणजे आकुंचन १२ टक्के. ३० ला ०.८८ नं भागलं की ३४.१. म्हणून कटर ३४ मिलिमीटरचा, आणि खिडकीत दिसणाऱ्या भागाची झेरॉक्स ११४ टक्के. आधी पाचपट लहान केलेल्या चित्राची झेरॉक्स आता मूळ मापापेक्षा मोठी निघत होती, याची बाईंना फार मजा वाटली.

जाडी आम्ही भाजल्यावर अडीच मिलिमीटर राहील अशी ठेवली. ३० मिलिमीटरची अडीच मिलिमीटर जाड चकती चार ग्रॅमच्या आसपास भरते. कानाला ते सहज पेलतं. त्याहून पातळ केली तर भाजताना वाकते. वाकण्याचं खरं कारण मात्र जाडीपेक्षा हाताळणी असतं. लाटलेली माती एका बाजूनं सोलून उचलली की ते वळण ती लक्षात ठेवते आणि भट्टीत पुन्हा वळते. म्हणून चकत्या उचलायच्याच नाहीत, खालच्या कापडासकट सरकवायच्या आणि दोन जिप्सम बोर्डांच्या मध्ये सावकाश वाळू द्यायच्या.

आणि मग रेघ. या सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय हा: रेघ कुंचल्यानं काढायची नाही, कोरायची. चकती चामड्यासारखी घट्ट झाली की तिच्यावर मेणाचा पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, आणि सुईनं मेणातून आरपार मातीत रेघ ओढायची. मग काळ्या अंडरग्लेझचा कुंचला फिरवायचा. मेणावर रंग ठरत नाही, खाचेत बसतो. ओल्या स्पंजानं एकदा पुसलं की चकती स्वच्छ आणि रेघ काळी. मेण न वापरता खाचेत काळी स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, भरून वरचा थर खरवडण्याची पद्धत फार जुनी. कोरियात गोर्यो काळातल्या, बाराव्या शतकातल्या सेलेडॉन, म्हणजे हिरवट ग्लेझच्या, भांड्यांवरचे क्रौंच पक्षी आणि ढग असेच मातीत मातीची भर घालून केलेले आहेत. चकतीसारख्या लहान तुकड्यावर खरवडताना कड जाते, म्हणून मला मेण बरं वाटतं.

सुईचं एक सांगते, कारण नवशिक्यांची निम्मी चित्रं इथेच खराब होतात. रेघ ओढताना दोन्ही कडांना मातीचा भुसा उभा राहतो. तो बघवत नाही आणि बोट आपोआप पुसायला जातं. पुसलं की भुसा खाचेत जातो आणि रेघ तुटक होते. तो तसाच राहू द्यायचा. रंग भरण्याआधी, थोडा कोरडा झाल्यावर, मऊ कुंचल्यानं झटकायचा. पूर्ण सुकल्यावर मात्र काही घासायचं असेल तर ओल्या स्पंजानंच. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठते.

चित्र मातीवर उतरवायला आम्ही ट्रेसिंग पेपर वापरला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे टाइल रंगवणारे कागदाला टोचून भोकं पाडायचे आणि त्यावरून कोळशाची पूड झटकायचे. ठिपके टाइलवर उतरायचे आणि भट्टीत कोळसा जळून जायचा. एकाच चित्राच्या शेकडो प्रती करायच्या असतील तर ती युक्ती आजही उत्तम. बाईंना शेकडो नको होत्या. उलट दोन-चार प्रती झाल्या की त्या ट्रेसिंग बाजूला ठेवून मोकळ्या हातानं कोरायला लागल्या, आणि त्याच चकत्या मला जास्त जिवंत वाटतात.

कानातल्यांसाठी ट्रेसिंगचा एक फायदा असा की तो उलटवता येतो. दोन कान, दोन चित्रं, आरशातल्यासारखी. तेव्हा पाखरांनी चेहऱ्याकडे बघायचं की बाहेर, यावर आमचा चांगलाच वाद झाला. बाईंचं मत बाहेर. मी हरले.

भोक या वेळी ओलं असतानाच ३ मिलिमीटरचं, चकतीच्या कडेपासून निदान तेवढंच आत. भाजल्यावर २.६ च्या आसपास राहतं आणि कडी सहज फिरते. भोकाच्या दोन्ही कडा कुंचल्याच्या दांड्याचं टोक फिरवून गोल केल्या, कारण धारदार कड कालांतरानं दोरा कापते.

कच्ची भाजणी १००० अंशांच्या जरा वर. त्यानंतर बाईंचा जलरंगाचा हात कामाला लागायचा होता, आणि इथे त्यांची पुन्हा निराशा झाली. त्यांनी पातळ केलेलं अंडरग्लेझ कुंचल्यात घेऊन कागदावर टाकतात तसा हात टाकला आणि रंग जिथे टेकला तिथेच थिजला. कच्च्या भाजणीची माती पाणी क्षणात ओढून घेते. रंग वाहायला वेळच मिळत नाही. डब्यातल्या जुन्या तुकड्यांवरच्या ठिगळांचं कारणही हेच. उपाय साधा: चकती आधी ओल्या स्पंजानं भिजवायची. मग रंगाची कड थोडी सुटते. कागदाइतकी नाही, पण पुरेशी. दुसरं, एक पातळ हात ग्लेझखाली जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून एका चाचणी-पट्टीवर प्रत्येक रंगाचे एक, दोन आणि तीन हात देऊन ती आधी भाजून घेतली. बाईंनी ती पट्टी रंगपेटीशेजारी ठेवली आणि मग डोळ्यांवर नव्हे, पट्टीवर विश्वास ठेवून रंगवलं. चित्रकाराला हे जड जातं. कच्चा रंग आणि भाजलेला रंग यांचा भरवसा नसतो. कोबाल्ट कार्बोनेट कच्चं असताना जांभळट-गुलाबी असतं आणि भट्टीतून निळंशार येतं.

कागदावर बाई आधी रंग टाकतात आणि वर शाईची रेघ ओढतात. इथे क्रम उलटा झाला: रेघ आधी, तीही कच्च्या मातीत, आणि रंग भाजणीनंतर. सुरुवातीला त्यांना हे अडचणीचं वाटलं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की रेघ आता पुसली जाणारच नाही. रंग बिघडला तर धुवून टाकता येतो आणि रेघ जशीच्या तशी. मग त्या रंगात बेधडक झाल्या.

ग्लेझ जस्त नसलेलं, पारदर्शक. पातळ चकतीला ग्लेझ देण्यात एक मेख आहे. भांडं ग्लेझमध्ये बुडवलं की जाड भिंत पाणी शोषते आणि थर बसतो. अडीच मिलिमीटरच्या चकतीत पाणी शोषायला जागाच नसते, शिवाय रंगवताना आपणच ती भिजवलेली. त्यामुळे रंग पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं आणि ग्लेझ नेहमीपेक्षा जरा दाट ठेवायचं. मागच्या बाजूला मेण, म्हणजे ती उघडी राहते आणि चकती शेल्फवर सपाट ठेवता येते. शेल्फवर अल्युमिनाचा लेप हवाच, कारण पोर्सिलेनसारखी माती ग्लेझ नसतानाही शेल्फला चिकटते आणि उचलताना पाठीचे कपचे निघतात. दोन्ही बाजूंना ग्लेझ हवं असेल तर मणी-पेंडंट कान्थलच्या, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या, तारेवर टांगून भाजतात. साधी निक्रोमची तार एवढ्या तापमानाला वाकते.

पक्की भाजणी कोन ६ (कोन हे भट्टीतल्या उष्णतेचं माप), साधारण १२२० अंश. बाहेर आलेल्या चकत्यांच्या उघड्या पाठी पाण्याखाली बारीक पॉलिश पेपरनं घासल्या की कातडीला गुळगुळीत लागतात. टॉप्सच्या दांड्या इपॉक्सीनं या उघड्या पाठीवरच चिकटवल्या. ग्लेझच्या काचेवर चिकटवलेली दांडी आज ना उद्या निखळते. हूक टायटॅनियमचे घेतले, निकेलचा त्रास असणाऱ्यांचा विचार करून.

निकाल? शेंगा आणि पिसं, बाईंच्या वहीशेजारी ठेवली तरी त्याच हातची वाटतात. हिरवा हिरवाच आला. गुलाबी आला, पण बाईंना हवा तेवढा कोवळा नाही. तीनपेक्षा कमी हात दिले तर तो फिका पडतो आणि तीन हात दिले की जलरंगासारखा राहत नाही. तो प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. पाखराची मान लोकांना आवडली, पण निम्म्या जणांना ते पाखरू आहे हे सांगावं लागलं, आणि बाईंना त्याचं काही वाटत नाही.

पावसातला रस्ता राहिला. बाई त्याचा नाद सोडत नाहीत. मी त्यांना माजोलिकाचा रस्ता सुचवला आहे: कथिलाच्या पांढऱ्या, न भाजलेल्या ग्लेझवर थेट रंगवायचं आणि १००० ते १०६० अंशांच्या दरम्यान भाजायचं. तिथे कुंचल्याचा प्रत्येक ओला फटका जसाच्या तसा राहतो आणि दुरुस्तीला वाव नाही, म्हणजे जलरंगवाल्याच्या सवयीचंच. अडचण अशी की त्या तापमानाला माती सच्छिद्र राहते, घाम आणि अत्तर पिते, आणि टवका उडाला की खालची माती दिसते. म्हणून माझी अट आहे: तो रस्ता फक्त ब्रोचवर, कपड्यावर लावण्यापुरता. बाईंना तो अंगठीत हवा आहे.